गांधीलमाशीचा सापळा: उलटी बाटली की जाळीचा डबा?

मखमलाबादच्या मळ्यात मधपेट्यांपुढे गांधीलमाश्या घिरट्या घालू लागल्या, तेव्हा आधी बाटलीच केली. दोन लिटरची बाटली कापायची, वरचा भाग उलटा आत खुपसायचा, तळाला गुळाचं पाणी आणि थोडं व्हिनेगर, म्हणजे मधमाश्या लांब राहतात. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी पाहिलं तर गांधीलमाश्या तीन, बाकी सगळा बुडालेल्या माश्या-पतंगांचा चिखल.

जाळीच्या डब्यात अर्धा दिवस जातो. पण ५.५ मिलिमीटरच्या भोकांतून बारके कीटक निसटतात, गांधीलमाशी अडकते. आमिष जाळीखाली, त्यामुळे कोणी बुडत नाही. मी डब्याच्याच बाजूचा. फ्रान्समध्ये २००४ साली सापडलेली आशियाई गांधीलमाशी तिथे उपरी. आपल्याकडच्या इथल्याच, सरसकट कशाला मारायच्या? डबा रिकामा पहाटेच्या गारव्यात करा. आणि हलवून बघू नका, मी बघितलंय.