कायम कुरण: पाच कापण्या की एक?

समशीतोष्ण हवामानातल्या कायम कुरणात, म्हणजे वर्षानुवर्षे न नांगरता गवताखाली ठेवलेल्या जमिनीत, वर्षाला किती कापण्या घ्यायच्या हे ठरवताना खताचा हिशेब नंतर करा. आधी बघा, हे गवत कोणत्या जनावराच्या पुढ्यात पडणार आहे.

चार-पाच कापण्या घ्यायच्या तर हेक्टरी 200 किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त नत्र लागते. गवत निसवण्याआधीच (तुरे बाहेर पडण्याआधीच) कापतात, त्यामुळे प्रथिने 16 ते 20 टक्के भरतात आणि दुभत्या गाईला ते मानवते. निसवल्यावर पचनीयता रोज साधारण अर्ध्या टक्क्याने घसरते. आठवड्याचा उशीर दुधात दिसतो. पण दर कापणीला खत, डिझेल आणि मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) दाबण्याचा खर्च नव्याने येतो. कापणीयंत्राचे पाते 5 सेंटिमीटरच्या खाली गेले की माती मुरघासात येते, तो नीट आंबत नाही, घाण वास सुटतो आणि गाई तोंड फिरवतात. कापल्यावर 7-8 सेंटिमीटर उंचीचे बुडखे राखा. फुटवेही लवकर येतात.

एक-दोन कापण्यांच्या, बिनखताच्या कुरणात उत्पादन निम्मे किंवा त्याहून कमी आणि प्रथिने 8 ते 10 टक्के. हे गवत भरपूर दूध देणाऱ्या गाईला घातले तर खताची बचत विकतच्या खुराकात जाते. भाकड गाई, कालवडी, मेंढ्यांना मात्र ते पुरते. रानफुले, मधमाश्या, जमिनीवर घरटी करणारे पक्षी इथेच टिकतात, कारण बी झडून पिल्ले उडेपर्यंत पाते फिरत नाही.

मग थोडे कमी खत घालण्याचा मधला मार्ग? सगळ्या शेतावर तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वनस्पतींच्या जातींची सर्वाधिक हानी नत्राच्या पहिल्या मात्रांतच होते. 200 वरून 120 किलोवर आल्याने चारा घटतो, फुले परतत नाहीत. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून चालू असलेल्या कुरण-प्रयोगात बिनखताच्या वाफ्यांत चाळीसेक वनस्पतिजाती आहेत; अमोनियम सल्फेटने आम्लधर्मी झालेल्या, चुना न दिलेल्या वाफ्यांत दोन-तीनच उरल्या. त्यामुळे सपाट, कसदार तुकडा दुधासाठी राबवा. उतार, पाणथळ आणि हलकी जमीन बिनखताची, रानफुलांसाठी सोडा.

सोडायचा तुकडा निवडताना मातीतले स्फुरद (फॉस्फरस) तपासा. ते जास्त असेल तर खत थांबवूनही जोमदार गवतच माजते. कापलेले गवत दरवर्षी उचलून न्या, जागेवर कुजू देऊ नका. बहुतेक रानफुलांचे बी मातीत फार वर्षे जगत नाही, म्हणून जमीन खरवडून त्यावर जवळच्या फुलकुरणातले बी धरलेले ताजे गवत पसरावे लागते.