वस्तीतली अभ्यासिका की एकाच मुलाचा दादा?

कॉलेजात असताना शाळकरी मुलांसाठी वेळ द्यायचं ठरवलं की दोन पर्याय समोर येतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत पंधरा-वीस मुलांचा गट घ्यायचा, किंवा शाळा सोडायच्या बेतात असलेल्या एकाच मुलाचा दादा किंवा मुलीची ताई व्हायचं आणि त्याला किंवा तिला दर आठवड्याला भेटायचं. दुसरा पर्याय ऐकायला भारी वाटतो. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी पहिला घ्यावा.

गटात काय साधतं, हे मुंबईतच दिसलंय. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. त्यांच्याकडे ना डी.एड. होतं, ना बी.एड. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे जास्त वाढले. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही खरं.

पाचवीतलं मूल 'कपाट' वाचताना 'ट'पर्यंत पोचतं तोवर त्याचा 'क' निसटलेला असतो. अशा मुलापुढे पाचवीचं पुस्तक उघडून काय उपयोग? अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे पाडून, इयत्ता बाजूला ठेवून मुलांना बसवायचं. हे महिन्याभराच्या सरावानं कुणालाही जमतं. शिवाय तुमची सेमिस्टर आली तर दुसरी ताई गट सांभाळते, मुलांचं फारसं अडत नाही.

जोडीच्या कामाची, म्हणजे एका मुलामागे एकच दादा किंवा ताई असण्याची, ताकद वेगळी. अमेरिकेत मुलांना असे दादा-ताई जोडून देणाऱ्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या संस्थेच्या 1995 च्या अभ्यासात दादा-ताई मिळालेल्या मुलांचं शाळा बुडवणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. पण 2002 मध्ये त्याच मुलांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा वर्षभर टिकलेल्या जोड्यांनाच सर्वाधिक फायदा झाल्याचं दिसलं. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा तर आत्मविश्वास घटला होता. आधीच कुणी ना कुणी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक जण सोडून गेला, एवढंच त्याच्या पदरात पडतं.

जर्मनीत 'रॉक युअर लाइफ' या उपक्रमात विद्यापीठातले विद्यार्थीच हे काम करतात. तिथे गरीब घरच्या मुलांचं गणित सुधारलं, पुढच्या कामधंद्याचा विचार पक्का झाला. सुखवस्तू घरच्या मुलांना काहीच फायदा झाला नाही, आणि त्यात नवल नाही. घरात विचारायला कुणी नसतं, तिथेच दादा उपयोगी पडतो. आपल्याकडेही आठवी ते दहावीतल्या मुलीला बीजगणितापेक्षा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म, आयटीआय की डिप्लोमा, उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, हे सांगणारं माणूस हवं असतं. तुम्ही दोन-तीन वर्षांपूर्वीच त्यातून गेलेले असता. शिक्षकाला तपशिलात जायला वेळ नसतो, आईवडिलांनी ते दाखले पाहिलेलेही नसतात.

आता तासांचा हिशोब. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) वर्षाला 120 तास लागतात. आठवड्याला दोन तास भेटलात तर वर्षात साधारण शंभर होतात, म्हणजे जोडीचं काम कागदावर सहज बसतं. (ते तास एनएसएसमध्ये धरले जातात का, हे कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा.) प्रत्यक्षात ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा, दिवाळी, मार्च-एप्रिल आणि मे महिन्यात गाव, एवढं वजा करा. होस्टेलवर राहणाऱ्याचं वर्ष सहा-सात महिन्यांवर येतं. तो गटातच बरा. घर त्याच शहरात असेल आणि शेवटचं वर्ष नसेल, तरच जोडीचा विचार करा.

जोडीत आणखी एक जबाबदारी येते. भेट शाळेत किंवा अभ्यासिकेत, चारचौघांसमोरच व्हावी. मुलानं छळाबद्दल काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, आणि मदतीसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

संस्थेत नाव नोंदवण्याआधी एकच विचारा: मी मध्येच सोडलं तर माझ्या मुलाकडे कोण बघणार? याचं नेमकं उत्तर मिळालं नाही, तर तिथे जोडी घेऊ नका, गट मागा.