मोनोवाय टॅव्हर्न, नेब्रास्का : गावाची लोकसंख्या 1, पण टेबल रिकामं नाही

5 पैकी साडेचार स्टार. अर्धा आईने कापलाय, कारण पुढे येईलच.

2022 च्या उन्हाळ्यात आईबाबा ओमाहाला आमच्याकडे आले होते. बाबा रिटायर्ड ग्रामसेवक, शिकागोच्या बिल्डिंगी बघून चेहऱ्यावरची माशी हलली नाही, मग म्हटलं चला तुम्हाला अमेरिकेतली सगळ्यात लहान ग्रामपंचायतच दाखवतो. साडेतीन-चार तास गाडी हाणली, शेवटी हायवे 12, दोन्हीकडे गवतच गवत, मधेच काळ्या गाई, आणि मग ती हिरवी पाटी, मोनोवाय 1. बाबा म्हणाले पुढचे आकडे पुसले गेले असतील. नाही बाबा, एकच.

त्या एक म्हणजे एल्सी आयलर आजी, तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. सरपंच त्याच, क्लार्क त्याच, खजिनदार त्याच, लायब्ररियन त्याच आणि टॅव्हर्न, म्हणजे हे बार-कम-हॉटेल, पण त्यांचंच, 1971 पासून. दारूच्या लायसन्सचा अर्ज मालकीण म्हणून स्वतः करायचा आणि गावातर्फे स्वतःच मंजूर करायचा. रस्त्यावरचे दोन-चार दिवे आणि पाणी चालू रहावं म्हणून टॅक्स स्वतःला लावायचा नि स्वतःच भरायचा. हे ऐकल्यावर बाबांचं जेवणातलं लक्षच उडालं, घरपट्टीची पावती कोण फाडतं, थकबाकी राहिली तर नोटीस कुणाला, असं तासभर चाललं होतं.

आता खाण्याचं. दुरून बघाल तर रंग उडालेलं पांढरं घर, आत बार, थोडी टेबलं, बर्गर, फ्राइज, बिअर, बस. बर्गर साधा पण गरमागरम, माझे दोन झाले आणि बिल बघून वाटलं चुकून कमी लावलं की काय. व्हेजवाल्यांनी मात्र फार आशा ठेवू नका, आईचं पोट फ्राइजवर आणि घरून आणलेल्या धपाट्यांवर भरलं, ते सुद्धा तिने गाडीत जाऊन खाल्ले कारण दुसऱ्याच्या हॉटेलात आपला डबा उघडणं बरं दिसत नाही म्हणे. तोच तो अर्धा स्टार.

मला वाटलेलं एकटी बाई, ओसाड गाव, जरा उदास वाटेल. कसलं काय! आजूबाजूचे शेतकरी, ट्रकवाले, आमच्यासारखे पाटी बघायला आलेले, सगळी टेबलं भरलेली, शेवटी एका आजोबांनी सरकून घेतलं तेव्हा आम्हाला बसायला मिळालं. लोक मैलोन्मैल गाडी चालवून इथं जेवायला येतात. म्हणजे खानेसुमारीत माणूस एक, आणि दुपारी एक वाजता बघावं तर चांगलं वीसेक जणांचं गाव.

तशी इथं 1930 च्या आसपास दीडशेएक माणसं होती, रेल्वे होती, किराणा दुकानं होती. मग शेती यंत्रावर गेली, पोरं शहरात गेली. चर्चमधला शेवटचा अंत्यविधी 1960 चा, तो आजींच्या वडिलांचा. शाळा 1974 ला बंद. 2000 च्या खानेसुमारीत दोघंच उरले, आजी आणि त्यांचे मिस्टर रूडी, ते 2004 मधे गेले. गंमत म्हणजे 2020 च्या खानेसुमारीत परत 2 आले! दुसरं कुणी नव्हतंच, प्रायव्हसीसाठी खानेसुमारीवाले लहान गावांचे आकडे मुद्दाम थोडे हलवतात. बाबा म्हणाले, कळलं, आमच्या रेशनकार्डात असायचे तसला माणूस.

शेजारची रूडीज लायब्ररी चुकवू नका. शेडएवढी खोली, आत पाचेक हजार पुस्तकं-मासिकं. लायब्ररी करायचं रूडींच्या मनात होतं, पूर्ण व्हायच्या आधीच ते गेले, घरच्यांनी नंतर उभी केली. आईला इंग्रजी फारसं येत नाही पण ती तिथं सगळ्यात जास्त वेळ उभी होती.

जाणार असाल तर सोमवारी सुट्टी असते, निघताना फोन करून विचारा, कॅश ठेवा आणि पेट्रोल आधीच भरा, गावात पंप नाही.

बाबांनी पाटीचा फोटो त्यांच्या जुन्या ग्रामसेवकांच्या ग्रुपवर टाकला. पहिला रिप्लाय आला, सरपंचपद महिला राखीव आहे का?