दर्शन आणि आवाहन

प्रचारकाळात मुंबईतला उमेदवार सिद्धिविनायकाला, माहीमच्या दर्ग्यात किंवा माउंट मेरीला जातो, आणि त्या दर्शनाला कायद्याची हरकत नाही. धर्माच्या नावाने मत मागणे मात्र लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचार ठरते: विलेपार्ल्याच्या १९८७ मधील पोटनिवडणुकीतील प्रचारभाषणांमुळे विजयी उमेदवाराची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली व १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सांताक्रूझच्या १९९० मधील निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात तर २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने, ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने, केवळ उमेदवाराच्या नव्हे, मतदाराच्या धर्माचा आधार घेणारे आवाहनही निषिद्ध ठरवले. मला दर्शन खटकत नाही, कारण श्रद्धा उमेदवारालाही असते. आवाहन मात्र पाणी, घरे आणि लोकल यांविषयीचा मतदाराचा प्रश्नच बाजूला सारते.