रविवारी व्हॅटिकन, सोमवारी फ्लॉरेन्स

सहलीचं रंगीत पत्रक मी अजून जपून ठेवलं आहे. पहिल्याच पानावर व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छताचं चित्र आहे, ॲडमच्या बोटाकडे झेपावलेलं ईश्वराचं बोट. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना हेच चित्र मी पुस्तकातल्या धुरकट छापावरून समजावून सांगायची. १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मायकेलअँजेलो नावाचा एक माणूस मान वर करून रंगवत होता, हे सांगताना वर्ग शांत व्हायचा. निवृत्तीनंतर एकदा त्या छताखाली उभं राहायचं, एवढीच माझी इच्छा होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि माझे यजमान एका ग्रुपबरोबर इटलीला जाऊन आलो. ते छत मी पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या बसमधल्या तीसजणांपैकी बहुतेकजण साठीच्या पुढचे होते आणि प्रत्येकाने आयुष्यभराच्या बचतीतून पैसे भरले होते.

कंपनीची ओळख ह्यांच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याने करून दिली. ऑफिस आमच्याच शहरात, माणसं मराठी, बोलणं गोड. "मॅडम, तुम्ही फक्त बॅग भरा, बाकी सगळं आमच्यावर सोडा." गौरी-गणपतीचं विसर्जन करून १३ तारखेला रात्री मुंबईहून निघायचं. गणपतीत लोक बाहेर पडत नाहीत म्हणून दर कमी, असं कारण सांगितलं, आणि ते पटण्यासारखंच होतं. माणशी २ लाख २० हजार. दोघांचे ४ लाख ४० हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि त्या सगळ्यावर ५ टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर. एकूण ४ लाख ८५ हजार १०० रुपये. हा हिशोब त्यांनी लेटरहेडवर हाताने लिहून दिला. आम्ही त्याच कागदाला बिल समजलो. जीएसटी क्रमांक, पावती क्रमांक, काहीच त्यावर नव्हतं. ह्यांची सगळी नोकरी बँकेत गेली, पण ओळखीच्या माणसाकडे पावती मागायला त्यांनाही संकोच वाटला.

मी मात्र एक प्रश्न नीट विचारला होता. सिस्टिन चॅपेल आणि मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा आतून दाखवणार ना? व्हॉट्सॲपवर त्यांचा आवाजी निरोप आला, "हो मॅडम, आतून, तिकिटासकट." तो निरोप मी पुसला नाही, आणि पुढे तोच उपयोगी पडला. छापील कार्यक्रमात मात्र वाक्यं अशी होती : "व्हॅटिकन सिटीची सैर", "कोलोसियम पाहणे", "फ्लॉरेन्समध्ये डेव्हिडचे दर्शन". 'प्रवेश' किंवा 'तिकीट समाविष्ट' हे शब्द कुठेही नव्हते. पाहणं रस्त्यावरूनही होतं आणि दर्शन बाहेरूनही घेता येतं. आपल्या भाषेतल्या या साध्या शब्दांची कंपन्यांना किती सोय होते, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट तारखांची. कार्यक्रमात दिवस लिहिले होते, वार लिहिले नव्हते. १५ सप्टेंबरला व्हॅटिकन, १६ ला फ्लॉरेन्स. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नुसतं पाहिलं असतं तर १५ ला रविवार आणि १६ ला सोमवार आहे हे दिसलं असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार वगळून. सिस्टिन चॅपेलमध्ये जायची वाट त्या संग्रहालयांतूनच आहे. फ्लॉरेन्सची अकादेमिया, जिथे खरा डेव्हिड उभा आहे, ती सोमवारी बंद. तिथलं दुसरं प्रसिद्ध संग्रहालय, उफ्फिझी, तेसुद्धा सोमवारी बंद. मी विचारलेल्या दोन्ही गोष्टी ज्या दारांमागे होत्या, ती दोन्ही दारं आम्ही पोचणार त्या दिवशी उघडणारच नव्हती. दरवर्षी इटलीला बस नेणाऱ्या माणसांना हे ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास बसत नाही. तिकिटं काढायचीच नसतील तर बंद दिवस सोयीचा असतो, कारण दोष इटलीवर टाकता येतो.

पहिल्या दिवशी कोलोसियम. बस लांब उभी केली, तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालत गेलो. याबद्दल माझी तक्रार नाही. इटलीत शहरांच्या जुन्या भागात मोठ्या बसना मनाई असते किंवा परवाना लागतो, त्यामुळे चालावं लागतंच. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना हे निघण्यापूर्वी सांगायला हवं होतं, एवढंच म्हणेन. कोलोसियमसमोर टूर लीडर म्हणाला, "काकू, तिकिटं संपली आज, फोटो काढून घ्या." ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारावर पासपोर्ट दाखवावा लागतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे आमची तिकिटं काढली असती तर ती आमच्या नावांनी निघाली असती आणि निघण्याआधी आम्हाला दाखवता आली असती. बुकिंग क्रमांक मी पुढे तीनदा मागितला. तो कधीच आला नाही.

पत्रकात "रोममध्ये चार तारांकित हॉटेल, दोन रात्री" असं होतं. संध्याकाळी बस शहराबाहेर पडली आणि सव्वा तासाहून जास्त चालतच राहिली. हॉटेल होतं फ्यूज्जीला, रोमपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गाव सुंदर, डोंगरातलं, औषधी पाण्याच्या झऱ्यांचं. पण रोम ते नव्हतं. पुढे फ्लॉरेन्सचं हॉटेल पन्नासेक किलोमीटरवर मोन्तेकातिनीत निघालं. ग्रुपच्या बस या दोन्ही गावांत सर्रास उतरतात, कारण तिथे खोल्या स्वस्त पडतात. ते तसं लिहून दिलं असतं तर फसवणूक झाली नसती. रोमचा दर घेऊन फ्यूज्जीत झोपवणं ही फसवणूक आहे, आणि रोजचे अडीच-तीन तास बसमध्ये गेल्यावर पाहायला वेळ उरत नाही, हे त्याहून मोठं नुकसान.

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला परतल्यावर कळली. व्हिसाच्या फाइलची प्रत मी मागून घेतली, तर त्यात रोमच्या मुख्य स्टेशनजवळच्या एका हॉटेलचं बुकिंग जोडलेलं होतं. त्या हॉटेलला मी ईमेल केला. उत्तर आलं, बुकिंग जुलैतच रद्द झालं होतं, म्हणजे व्हिसा लागल्यावर लगेच. शेंगेन व्हिसाच्या अर्जावर दिलेली माहिती खरी आहे असं आपण सही करून सांगतो. ती सही माझी होती, कंपनीची नव्हती. उद्या व्हिसा नाकारला गेला असता तर ठपका माझ्या पासपोर्टवर आला असता. अर्ज त्यांनी भरला, आम्ही खुणा केलेल्या जागी सह्या केल्या, आतली पानं उलटून पाहिली नाहीत. प्रवास विमा मात्र खरा होता, ३० हजार युरोंचा, तो मी विमा कंपनीकडे फोन करून तपासला.

रविवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात उतरवलं आणि एक तास दिला. मी विचारलं, चॅपेल? लीडर म्हणाला, "चर्चच्या आतच आहे, वेळ मिळाला तर बघा." आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. पुढे एक केरळच्या सिस्टर होत्या. त्यांना हिंदीत विचारलं तेव्हा त्या हळहळून म्हणाल्या, "आज तो संडे है, म्यूझियम बंद है." त्यांनी हात करून दाखवलं, संग्रहालयाचं दार तर भिंतीला वळसा घालून पार पलीकडे. मला तिथेच रडू आलं. सेंट पीटर्सला प्रवेश फुकट असतो, आणि पत्रकात मात्र "प्रवेशासह" हा शब्द फक्त तिथेच छापला होता. रांग संपेपर्यंत आमच्याकडे दहा मिनिटं उरली. आत शिरल्यावर उजवीकडे काचेमागे पिएता आहे, मेरीच्या मांडीवर मृत येशू असलेलं मायकेलअँजेलोचं शिल्प. १९७२ साली एका माणसाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काच आहे. आईच्या मांडीवरचा तो निर्जीव हात मी गर्दीतून टाचा उंचावून पाहिला. ती दहा मिनिटं मला मिळाली.

फ्लॉरेन्सला सोमवारी लीडरने पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकात नेलं आणि सांगितलं, "हा मायकेलअँजेलोचा डेव्हिड." सगळे फोटो काढायला लागले. मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवून अकादेमियात नेला आणि चौकातली प्रत १९१० मध्ये बसवली, हे मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. मी मोठ्याने म्हणाले, "ही नक्कल आहे. खरा कुठे आहे?" तो म्हणाला, "ड्रायव्हरचे तास संपत आलेत, काकू, तिकडे जाता येणार नाही." ड्रायव्हरच्या तासांचा नियम खरा आहे आणि चांगलाही आहे. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. पण अकादेमियाला आम्ही चालतच गेलो असतो, तिथे बसचा संबंध नव्हता. दोन बायका माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जाऊ द्या ना ताई, सारखाच तर दिसतो." मला त्यांचा राग आला नाही. सारखाच दिसतो असं म्हणायला लावणारी सहल त्यांना विकली गेली होती. चौकातून निघून चामड्याच्या एका दुकानात मात्र सव्वा तास थांबलो. तिथे वेळ होता.

आता वरच्या पैशांबद्दल. ही वसुली बसमध्ये माइकवरून होते, सगळ्यांसमोर, आणि एकजण देतो म्हणून दुसरा देतो. सिटी टॅक्स म्हणून माणशी रात्री साडेसात युरो घेतले. सिटी टॅक्स खरोखर असतो आणि तो वेगळा भरावाच लागतो. पण साडेसात हा रोममधल्या चार तारांकित हॉटेलचा दर, आणि आम्ही रोममध्ये एकही रात्र राहिलो नाही. फ्यूज्जीच्या हॉटेलात काउंटरवर दराचा तक्ता लावला होता, त्यावरचा आकडा निम्म्याहूनही कमी होता. व्हेनिसला "शहर प्रवेश कर" म्हणून माणशी दहा युरो. २०२४ मध्ये व्हेनिसने दिवसभरासाठी येणाऱ्यांवर तो कर लावला होता हे खरं, पण पाच युरो, आणि फक्त २५ एप्रिल ते १४ जुलैमधल्या ठरावीक २९ दिवशी. सप्टेंबरमध्ये तो नव्हताच. शिवाय आम्ही मेस्त्रेला राहत होतो. मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं, आणि तिथे मुक्काम करणाऱ्याला हा कर माफ असतो.

गोंडोलाचे माणशी ४५ युरो. धक्क्यावर सरकारी दराची पाटी होती : दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, आणि ते अख्ख्या नावेचे. एका नावेत पाचजण बसतात. तीसजणांना सहा नावा, म्हणजे ५४० युरो. गोळा झाले १३५०. ह्यांनी पाटीचा फोटो काढून लीडरला दाखवला, तर तो म्हणाला, "हे ग्रुपचे दर आहेत साहेब, तुम्हाला नाही कळणार." आमच्या दोघांचे असे एकूण २०० युरो गेले, पावती एकाही युरोची नाही. रोजची तीन युरो टिप वेगळी, पण ती पत्रकात छापलेली होती, म्हणून तिच्याबद्दल मी बोलत नाही. पाण्याची बाटली बसमध्ये दोन युरोला विकत होते, आणि रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळांतून पिण्याचं गार पाणी दिवसरात्र फुकट वाहतं. एका इटालियन आजीबाईंनी मला बाटली भरून दाखवली तेव्हा ते कळलं.

मिलानबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कॅथीड्रलसमोर चाळीस मिनिटं, मग विमानतळाजवळचं हॉटेल.

जुलै २०२५ मध्ये ह्यांचं विवरणपत्र भरताना सीए म्हणाले, "सर, टीसीएस भरलाय म्हणता, पण २६एएसमध्ये काहीच दिसत नाही." २६एएस म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. टीसीएस हा आपला आगाऊ भरलेला कर असतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आपल्या करातून वळता होतो. आमच्याकडून घेतलेले २३ हजार १०० रुपये सरकारकडे पोचलेच नव्हते. त्या क्षणी ह्यांचा संकोच संपला. सहल निकृष्ट होती की नाही यावर कंपनी वाद घालू शकते, या नोंदीवर घालू शकत नाही. परदेशी सहलीचे पैसे भरून तीन-चार महिने झाले असतील, तर आयकराच्या संकेतस्थळावर आजच आपला २६एएस उघडून पाहा.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आलं की कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. त्यासोबत पुढच्या युरोप सहलीवर ४० हजारांची सवलत देऊ केली. आम्ही ती नाकारली. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. तक्रारीसोबत पत्रक, हाताने लिहिलेला हिशोब, आवाजी निरोप, गोंडोलाच्या पाटीचा फोटो, हॉटेलचा ईमेल आणि २६एएसची प्रत जोडली आहे. बसमधल्या तीसजणांना मी फोन केले. चौघे सोबत आले. बाकीचे म्हणतात, झालं ते झालं. तुम्ही त्या बसमध्ये होतात आणि हे वाचत असाल, तर तुमची दोन वर्षं सप्टेंबर २०२६ मध्ये संपतात.