गोणीवर सिलिका, आत नदीची रेती

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही: ७५,६९७ रुपये. वर्षाच्या देखभालीचे आगाऊ २८,०००. चोवीस गोणी सिलिका, म्हणजे गवतात भरायची धुतलेली वाळू, ८५० प्रमाणे २०,४००. ४५० चौरस फुटांवर ‘यूव्ही कोटिंग’, ३५ रुपये दरानं १५,७५०. आणि वर १८ टक्के जीएसटी, ११,५४७. एवढ्यात वाड्यातलं चांगलं चालतं पुटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच खळग्यात ढकलायची प्लास्टिकच्या गवताची हिरवळ, देखभालवाल्यांनी नासवून दिली.

कोटिंग नावाची वस्तूच नसते. उन्हापासून बचावाचं द्रव्य गवताचा प्लास्टिकचा धागा ओढतानाच त्यात मिसळलेलं असतं. वरून फवारून ते आत शिरत नाही. पंपात जे दुधाळ पाणी होतं त्याचा पहिल्या सरीत फेस आला. हे माहीत असून पैसे दिले, काय बोलणार.

पण खरी चीड येते ती रेतीची. तेरा मिलिमीटर पातीच्या ग्रीनला नव्यानं भरताना चौरस मीटरला साधारण बारा किलो वाळू लागते. ४५० चौरस फूट म्हणजे ४२ चौरस मीटर, म्हणजे एकूण पाचशे किलो. भरलेल्या ग्रीनला वर्षाकाठी दोन-तीन गोणी वर घातल्या की पुष्कळ. चोवीस गोणी म्हणजे सहाशे किलो! जुनी वाळू न काढता ती जाणार कुठे? हा गुणाकार तोंडी होतो. केला नाही.

आणि गोणीचं तोंड. कारखान्यातून आलेल्या गोणीला मशीनचा टाका असतो, दोरा ओढला की सरसर उसवतो. यांच्या गोण्या सुतळीनं बांधलेल्या. मी समोर उभा, त्यांचा कामाचा पोरगा दातानं गाठ सोडतोय, पहिली गोणी उलटताच तांबूस धूळ उडतेय. धुतलेली सिलिका अशी उडत नाही. तेव्हाच काचेच्या ग्लासात मूठभर रेती टाकून पाणी ढवळायचं होतं: सिलिका तळाशी बसते आणि पाणी लगेच निवळतं, नदीच्या रेतीचं पाणी चहासारखं राहतं. स्वयंपाकघर वीस पावलांवर होतं.

मी बावळट नाही. देखभालीचं काम घेणारा तो माणूस दांडिया बाजारातलं आजोळ सांगत मराठीत बोलत होता, आणि वडोदऱ्यात मराठी कानावर पडलं की आपण निम्मे सैल होतो. मेश (वाळूच्या दाण्याचं माप), पाइल (पातीची उंची), स्टिम्प (ग्रीनचा वेग), सगळे शब्द जागच्या जागी. शिवाय स्वतःचा स्टिम्पमीटर, म्हणजे चेंडू सोडून तो किती फूट घरंगळतो ते बघायची पन्हळी पट्टी, घेऊन आला. काम व्हायच्या आधी साडेसात फूट, नंतर साडेदहा! आधीचं माप त्यानं चढावर घेतलं, नंतरचं उतारावर. निचऱ्यासाठी दीड-दोन टक्के उतार ठेवलेलाच असतो. तीन चेंडू एका दिशेनं, तीन त्याच पट्ट्यात उलट, आणि मग सरासरी. याखेरीज कुणी आकडा दाखवला तर त्याला फाटकाबाहेर काढा.

रिकाम्या गोण्या त्यानं गाडीत भरून नेल्या. “परत द्याव्या लागतात, काका, कंपनी मोजते.” गेटच्या कॅमेऱ्यात मी नंतर मोजल्या: अकरा. गोण्या हिशेब होईपर्यंत हलू देऊ नका.

पावसानं बाकीचं उघडं केलं. नदीच्या रेतीतली माती बॅकिंगच्या, म्हणजे गवताखालच्या अस्तराच्या, निचऱ्याच्या भोकांत बसली, पाणी तुंबलं, पंधरा दिवसांत शेवाळ. ऊन पडताच थर विटेसारखा कडक झाला. चिप केलेला, म्हणजे जवळून हलकेच उचलून मारलेला, चेंडू टप्पा घेऊन कुंपणाला लागतो. त्यातच त्यांनी तारेचा ब्रश फिरवला होता, त्यामुळे पाती टोकाला चिरल्या आहेत. ब्रश नायलॉनचाच हवा. चिरलेली पाती पुन्हा जुळत नाही.

मग पोलीस. चौकीत साहेब म्हणाले, “काका, रेती तो आवी ने? पछी छेतरपिंडी क्यां?” म्हणजे रेती आली तर फसवणूक कसली. सिव्हिल मॅटर. अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. बिलावरचा जीएसटी क्रमांक चौदा अक्षरी निघाला. तो पंधरा अक्षरी असतो, गुजरातचा २४ नं सुरू होतो, आणि पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं. पैसे देण्याआधी बघा, माझ्यासारखं नंतर नको. करखात्याच्या खिडकीवर सांगितलं तर उत्तर काय, तर क्रमांकच अस्तित्वात नाही म्हणजे तो आमचा करदाता नाही, ईमेल करा. माझ्याकडून कर म्हणून घेतलेले ११,५४७ मग कुणाचे? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, एवढं बरं. पण नोटीस पाठवायला पत्ता हवा, आणि बिलावरच्या पत्त्यावर पंक्चरवाला बसतो. त्याला आधीच तीन नोटिसा आल्यात म्हणे, कंटाळलाय बिचारा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, निदान तक्रारीचा क्रमांक तरी हातात राहतो.

पैसे रोख देऊ नका. मी २८,००० रोख दिले.

आता दुरुस्ती. रेती कडकडीत वाळू द्यायची, पातीच्या कलाविरुद्ध ब्रश मारून मोकळी करायची, मग मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरनं थोडी थोडी ओढायची. कोपऱ्यातली सांधपट्टी उचकटणार नाही एवढं जपायचं. नंतर गोल दाण्याची, ३०-५० मेशची कोरडी सिलिका, चौरस मीटरला दोन किलोचा पातळ थर, ब्रश, पुन्हा थर. पातीची टोकं दीड-दोन मिलिमीटर वर राहिली की थांबायचं, आडवा-उभा रोलर फिरवायचा.

काढलेली रेती वाड्यात पडून आहे. शेजारच्या बांधकामावरच्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, फुकट देऊ केली. त्यानं मुठीत घेतली, चोळली, ओरसंग नदीची म्हणून ओळखली आणि म्हणाला, प्लास्टरला चालेल, पण आधी चाळून द्या.