शंभर टक्के तपासणी, नमुना तपासणी की कंट्रोल चार्ट: लहान मशीन शॉपने काय निवडावं?

चार-पाच सीएनसी लेथ असलेलं मशीन शॉप डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज, कुठेही जा, अशी शॉप भरपूर आहेत. जॉब साधा धरू: २५ मिमीचा शाफ्ट, ड्रॉइंगवर एच ७ (h7), म्हणजे व्यास २५.००० ते २४.९७९. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अवघा २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). कस्टमरकडून मागच्या लॉटमधले नग परत आले आहेत, डेबिट नोट लागली आहे (म्हणजे बिलातून पैसे कापले गेले आहेत), आणि आता पैसा कशात घालायचा ते ठरवायचं आहे. तपासणीला आणखी दोन माणसं लावायची, नमुने काढून लॉट पास करायचे, की मशीनपाशी कंट्रोल चार्ट लावायचा, म्हणजे ठरावीक वेळाने नग मोजून मापं आलेखावर मांडत जायची?

माझं मत आधीच सांगतो. जॉब रोजचा असेल तर चार्ट. मात्र बाकीच्या दोन्ही पद्धतींना त्यांची जागा आहे, आणि तिन्हींच्या आधी एक काम करावं लागतं. ते पुढे येईल.

प्रत्येक नग गो-नोगो स्नॅप गेजमधून, म्हणजे माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या साधनातून, काढणं ही सर्वांना सुचणारी वाट. गेज स्वस्त, शिकवायला सोपं, आणि मालकाला रात्री झोप लागते. ब्रेक, स्टिअरिंग अशा सुरक्षेशी जोडलेल्या भागांवर, किंवा तक्रार आल्यावर कारण सापडेपर्यंत, मी सुद्धा हेच करा म्हणेन. पण माणूस हजाराव्या नगाकडे पहिल्या नगाइतक्या लक्षाने पाहत नाही, त्यामुळे सगळे नग तपासूनही काही खराब नग निसटतात. वेल्डची ताकद तोडूनच तपासायची असेल तर ही पद्धत मुळातच बाद. सर्वांत मोठा तोटा मात्र वेगळा आहे. २४.९९० चा नग आणि २४.९९९ चा नग, गेज दोघांनाही पास म्हणतं. मशीन वरच्या मर्यादेकडे सरकत चाललं आहे हे पहिला नग नापास होईपर्यंत कळत नाही, आणि तोवर त्या नगाचं मटेरिअल, इन्सर्ट (लेथवरचं बदलता येणारं कापणारं टोक) आणि मशीनचा वेळ खर्च झालेला असतो.

नमुना तपासणीचे तक्ते अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉज आणि रोमिग यांनी मांडले, दुसऱ्या महायुद्धात लष्करी खरेदीतून अशा तक्त्यांचा वापर पसरला. आज आपल्याकडे आयएस २५०० आणि जगभर आयएसओ २८५९ वापरतात. १,००० नगांचा लॉट, तपासणीची सर्वसाधारण पातळी २ आणि एक्यूएल (चालवून घ्यायच्या खराब मालाची पातळी) १ टक्का धरला तर तक्ता सांगतो: ८० नग तपासा, २ पर्यंत खराब निघाले तर लॉट घ्या, ३ निघाले तर नाकारा. इथे बरेच जण फसतात. एक टक्का एक्यूएल म्हणजे एक टक्क्याहून जास्त खराब माल अडतोच, असा समज होतो. गणित करून पाहा. लॉटमध्ये खरोखर ३ टक्के नग खराब असले तरी तो पास होण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते. साडेसहा टक्के खराब असला तरी दहातला एक लॉट सुटतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. दोन मशीन, दोन शिफ्ट आणि मध्येच बदललेला इन्सर्ट असा माल एका बिनमध्ये ओतून त्याला एक लॉट म्हटलं, तर ८० नगांवरून काय समजणार? शिवाय वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकात गो-नोगोसारख्या तपासणीच्या नमुन्यात स्वीकाराची पातळी शून्य दोष अशीच आहे, त्यामुळे ‘दोनपर्यंत चालतील’ हे कस्टमरपुढे बोलता येत नाही. बाहेरून येणारे बोल्ट, प्लेटिंग करून आलेले नग, ज्यांच्या मशीनवर तुमचा ताबा नाही असा माल, यासाठी ही पद्धत ठेवा.

आता चार्ट. १९२४ च्या मे महिन्यात वॉल्टर श्यूहार्ट यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला. पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले, आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने ही विद्या इथल्या कारखान्यांत नेली. म्हणजे ही काही कालपरवा आलेली फॅशन नव्हे.

काम असं: दर तासाला सलग ५ नग मोजायचे, त्यांची सरासरी आणि सर्वांत मोठ्या-लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, मांडायची. असे २५ गट झाले की मर्यादा काढायच्या. मर्यादा मशीनच्या स्वतःच्या मापांतून येतात. त्यांच्या जागी ड्रॉइंगचा टॉलरन्स आखलेले चार्ट मी पुष्कळ पाहिले आहेत, ते काहीच सांगत नाहीत. समजा सरासरी रेंज ५ मायक्रॉन आली. तिला ०.५७७ ने गुणा, सरासरीच्या वर-खाली साधारण २.९ मायक्रॉनवर रेघा येतील. तीच रेंज २.३२६ ने भागली की सिग्मा, म्हणजे मापं किती पसरतात त्याचा आकडा, २.१५ मायक्रॉन. २१ ला सहा सिग्मांनी भागा: सीपी, म्हणजे मशीनच्या पसरणीच्या किती पट टॉलरन्स आहे तो आकडा, १.६३. म्हणजे मशीन उत्तम आहे.

पण सरासरी मध्यावर, म्हणजे २४.९८९५ वर, न राहता २४.९९५ वर गेली असेल तर सीपीके (सरासरी मध्यापासून किती सरकली तेही धरणारा सीपी) ०.७८ वर उतरतो आणि शंभरातला साधारण एक नग ओव्हरसाइज निघतो. गो-नोगोवाला तो एक नग रोज वेचत बसेल. चार्टवाला साडेपाच मायक्रॉनचा ऑफसेट, म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती, देईल आणि प्रश्न तिथेच मिटेल. माझा कल चार्टकडे आहे तो यामुळे.

एक अडचण खरी आहे. टर्निंगमध्ये इन्सर्ट झिजतो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो, त्यामुळे चार्टवर चढ दिसणारच. अशा ठिकाणी प्री-कंट्रोल सोपं पडतं. टॉलरन्सचा मधला अर्धा भाग हिरवा, दोन्ही कडांचे पाव-पाव पिवळे, बाहेर लाल. सेटिंगनंतर सलग ५ नग हिरवे आले की चालू करा. पुढे ठरावीक वेळाने नग तपासा: हिरवा आला तर चालू ठेवा, पिवळा आला तर लगेच पुढचा तपासा. दोन्ही एकाच बाजूला पिवळे आले तर ऑफसेट द्या, विरुद्ध बाजूंना आले किंवा एकही लाल आला तर मशीन थांबवा. गणित नको, कागद कमी. मात्र मशीन मुळात सक्षम असल्याची खात्री आधी हवी.

आता ते आधीचं काम: मोजमाप. ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने २१ मायक्रॉनचा टॉलरन्स सांभाळता येत नाही, किमान ०.००१ चं साधन हवं. मग १० नग, ३ माणसं, प्रत्येकाने तीन-तीन वेळा मोजून गेज आर अँड आर, म्हणजे मापातला किती टक्के फरक साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे पडतो ते, काढा. १० टक्क्यांच्या आत उत्तम, ३० च्या वर ते साधन किंवा मोजण्याची पद्धत बदलाच. मशीनवरून गरम नग उचलून लगेच मोजू नका. नग गेजपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर २५ मिमीवर चार मायक्रॉनहून जास्त फरक पडतो, म्हणजे पाचवा हिस्सा टॉलरन्स तिथेच गेला.

एवढं झाल्यावर १२५ मापं घ्या आणि सीपी काढा. १.३३ च्या वर आला तर चार्ट किंवा प्री-कंट्रोल लावा आणि तपासणीची माणसं हळूहळू दुसऱ्या कामाला घ्या. सरासरी रेंज ९ मायक्रॉन असेल तर सीपी ०.९ येतो. तिथे चार्टने काही साधणार नाही. कॉलेट, स्पिंडल, जॉब पकडण्याची पद्धत पाहा, आणि ते सुधारेपर्यंत शंभर टक्के तपासणी चालू ठेवा. चार्टवर ठिपका ऑपरेटरनेच टाकावा, आणि ऑफसेट देण्याची, गरज पडली तर सुपरवायझरला न विचारता मशीन थांबवण्याची मुभा त्याला पहिल्याच दिवशी लेखी द्या.